आपल्या वादातली अमेरिका : काही भ्रम, काही सोय

राखीव जागांवर वाद सुरू झाला की दहा मिनिटांत अमेरिका येते. गुलमंडीवरच्या हॉटेलातल्या गप्पा असोत, महाविद्यालयातली वादविवाद स्पर्धा असो की वृत्तपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार असो, शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून ती टाकली जाते. अमेरिकेत राखीव जागा नाहीत. तिथे फक्त गुणवत्ता पाहतात. तिथले सरकार कुणाला पोसत नाही. म्हणून तो देश पुढे गेला आणि आपण मागे राहिलो. बोलणाऱ्याचा भाचा किंवा पुतण्या बहुधा न्यू जर्सीत असतो. त्याने पाठवलेली रस्त्यांची छायाचित्रे हा या अर्थशास्त्राचा आधार असतो. ऐकणारा आपला तरुण गप्प बसतो, कारण त्याला अमेरिकेविषयी एवढेच ठाऊक असते की तिथे काळ्यांवर अन्याय झाला आणि एक दिवस ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले.

या विधानांतले एकही धड खरे नाही. पण ती खोटी आहेत एवढे सांगून भागत नाही. ही अमेरिका सोयीतून जन्मलेली आहे आणि सोयीतून जन्मलेली समजूत माहितीने सहसा मरत नाही. शिवाय परिवर्तनवादी चळवळीतल्या आपण माणसांनीही आपल्या सोयीची एक वेगळी अमेरिका घडवून ठेवली आहे. दोहोंचीही झडती घ्यायला हवी.

मराठी मनातल्या अमेरिकेचा आरंभ जोतीराव फुल्यांपासून धरावा लागतो. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्या क्षणी ते अर्पण अगदी रास्त होते. तीनच वर्षांपूर्वी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये जाऊन बसला होता. परंतु त्याच १८७३ च्या एप्रिल महिन्यात लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. १८७७ साली दक्षिणेतून केंद्राचे सैनिक काढून घेतले गेले आणि दिलेला मताधिकार पुढची जवळजवळ नव्वद वर्षे कागदावर राहिला. जोतीरावांनी आपल्या काळापुरते वाचले होते. नंतरची पाने उलटणे हे त्यांच्यामागून येणाऱ्यांचे काम होते. आपण मात्र पुस्तक १८६५ वर मिटून ठेवले आणि लिंकनची तसबीर लावली.

या तसबिरीसोबत आपल्या शाळांच्या भिंतींवर एक पत्रही असते : लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले. वसंत बापटांच्या अनुवादामुळे ते मराठी घराघरांत पोचले. मजकूर सुंदर आहे, पण तो लिंकनचा असल्याचा काडीचाही पुरावा नाही. त्याच्या संग्रहित लेखनात हे पत्र कुठेच नाही. जे पत्र त्याने खरोखर लिहिले ते मात्र कोणत्याही शाळेच्या भिंतीवर मी पाहिलेले नाही. २२ ऑगस्ट १८६२ रोजी होरेस ग्रीली या संपादकाला लिहिलेल्या त्या पत्रात लिंकन स्पष्ट सांगतो की, त्याचे ध्येय संघराज्य टिकवणे हे आहे. एकाही गुलामाला न सोडवता ते टिकत असेल तरी त्याची तयारी आहे. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही बंडखोर प्रदेशांपुरताच होता. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या केंटकी, मेरिलँड यांसारख्या राज्यांतील गुलाम त्यात आले नाहीत. राजधानी वॉशिंग्टनमध्ये एप्रिल १८६२ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, ती मालकाला, दर गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत. मुक्त झालेल्यालाही शंभर डॉलरपर्यंत देऊ केले होते, पण तो देश सोडून जाणार असेल तर. दया नावाच्या गोष्टीचा हा हिशोब आहे. युद्धात संघराज्याच्या बाजूने पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक लढले, हे आपल्या लिंकनकथेत येत नाही. मुक्ती दिली गेली, मिळवली गेली नाही, असे भासवण्यातच त्या कथेची सोय आहे.

बाबासाहेबांना हे पत्र ठाऊक होते. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी त्याचा दाखला दिला आहे. स्वराज्य आणि अस्पृश्य यांविषयीची गांधींची भूमिका ही संघराज्य आणि निग्रो यांविषयीच्या लिंकनच्या भूमिकेसारखी आहे, असे ते तिथे दाखवतात. आपल्या पाठ्यपुस्तकाने लिंकनचा संत केला. बाबासाहेबांनी त्याला राजकारणी म्हणून वाचले.

आता गुणवत्तेकडे वळू. ‘सरकारने काही दिले नाही, माणसे कष्टाने वर आली’ हे वाक्य अमेरिकेच्या बाबतीत जितके चुकीचे आहे तितके क्वचितच अन्य देशाच्या बाबतीत असेल. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, नाममात्र शुल्क भरून पाच वर्षे कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देण्याची सोय केली. पुढच्या दशकांत या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ती मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती आणि तिचा फार मोठा हिस्सा गोऱ्या कुटुंबांकडे गेला. सुटलेल्या गुलामांना मात्र १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या आदेशाने समुद्रकाठची जी थोडी जमीन मिळाली होती, तीही त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने काढून जुन्या मालकांना परत केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत तुरुंगात गेलेल्या माणसाला या दोन ओळींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यासाठी आजही डोकी फुटतात.

विसाव्या शतकातही हेच घडले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच पडली नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी हमीचे कर्ज मिळाले. अमेरिकेचा जो सुखी मध्यमवर्ग आपण सिनेमात पाहतो, तो बराचसा या कायद्याने उभा केला. पण १९४७ साली मिसिसिपीच्या शहरांत अशी तीन हजारांहून अधिक कर्जे दिली गेली, त्यांतली कृष्णवर्णीयांना किती? दोन. काळ्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ ओढून तिथे कर्ज नाकारण्याची पद्धत सरकारी यंत्रणेनेच रूढ केली. आयरा कॅट्झनेल्सन या राज्यशास्त्रज्ञाने २००५ साली या साऱ्या काळावर ग्रंथ लिहिला. त्याचा निष्कर्ष असा की, अमेरिकेत राखीव जागा होत्याच, फक्त त्या गोऱ्यांसाठी होत्या. २०२२ च्या सरकारी पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर निघाली. ओबामा २००८ साली निवडून आले आणि वर्णभेद संपला, असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे एकाखाली एक मांडून पाहावेत.

मुक्त बाजाराची गोष्ट आपल्याला तर घरबसल्या कळायला हवी होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत ही घसरणही मोजली जाते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, विदर्भ-मराठवाड्यात कापूस पिकवणारा गळफास घेत होता तेव्हा, २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेचे सरकार आपल्या पंचवीस हजारांच्या आसपास असलेल्या कापूस उत्पादकांना वर्षाला तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत देत होते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि तो जिंकला. गुलमंडीच्या कापड दुकानात बसून सरकारने शेतकऱ्याला पोसू नये असे सांगणाऱ्याच्या अमेरिकेत हा अध्याय नसतो.

राखीव जागांचा प्रश्न अमेरिकेत कसा लढला गेला, तेही नीट पाहण्यासारखे आहे. २८ जून १९७८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बॅकी खटल्याचा निकाल दिला. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय विद्यालयात शंभरपैकी सोळा जागा अल्पसंख्य गटांसाठी राखून ठेवल्या होत्या. अशी ठरावीक संख्या राखणे बेकायदा ठरले, परंतु प्रवेश देताना वर्ण विचारात घेण्यास न्यायालयाने मुभा दिली. जवळजवळ एक महिन्याने, २७ जुलै १९७८ रोजी, महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. तिकडे गोऱ्या विद्यार्थ्याने आपली जागा गेली म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. इकडे तर कुणाची जागाही जाणार नव्हती, फक्त पाटीवरचे नाव बदलणार होते.

बॅकीनंतर पंचेचाळीस वर्षे ती मुभा टिकली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात ती काढून घेतली गेली. पाठोपाठ २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, सरकारी कंत्राटदारांना भेदभावविरोधी उपाय बंधनकारक करणारा १९६५ चा आदेश रद्द केला. आपल्याकडे काहींना आनंद झाला : पाहा, अमेरिकेनेही गुणवत्ता मानली! एक तर हा आनंदच आपल्या पहिल्या विधानाचा पराभव आहे. जे कधी नव्हतेच ते २०२३ साली रद्द कसे झाले? दुसरे असे की, याच हार्वर्ड खटल्यात एक आकडा बाहेर आला, त्याची चर्चा झाली नाही. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले, देणगीदार वगैरेंच्या खास यादीतले, किंवा खेळाडू म्हणून भरती केलेले होते. बापाच्या पदवीवर मुलाला झुकते माप देण्याच्या या प्रथेला न्यायालयाने हात लावला नाही. वंशपरंपरेने चालणाऱ्या गुणवत्तेला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आणि तो न्यू जर्सीचा भाचा? तो तिथे कोणाच्या पुण्याईने पोचला? १९२३ साली भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाने अमेरिकन नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लढवला. आपण उच्चजातीय आर्य आहोत, म्हणून गोरेच आहोत, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. उच्चजातीय हिंदू देशातल्या खालच्यांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, हेही पुरावा म्हणून मांडले गेले. न्यायालयाने दावा फेटाळला. जातीचा दाखला दाखवून गोऱ्यांच्या पंगतीत बसण्याचा तो प्रयत्न फसला. १९४६ नंतरही भारतीयांचा वार्षिक कोटा शंभर एवढाच होता. दार उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा शक्य झाला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात. त्याच वर्षी सेल्मा गावच्या पुलावर माणसांची डोकी फुटली होती. त्या उघडलेल्या दारातून सरकारी खर्चाने शिकलेले आपले अभियंते आणि डॉक्टर आत गेले, सुखी झाले, आणि तिथून आपल्याला पत्रे आली की इथे सारे काही फक्त गुणवत्तेवर चालते.

त्यांच्यापैकी कित्येकांच्या सामानात जातही गेली. २०२० साली कॅलिफोर्निया शासनाच्या एका विभागाने, दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनी आणि दोन अधिकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. २०२३ मध्ये अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू ठेवला गेला. आरोप सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही, पण प्रश्न चव्हाट्यावर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगरपरिषदेने जातीभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्या विधेयकाला सर्वांत मोठा विरोध गोऱ्या अमेरिकनांचा नव्हता, आपल्याच देशबांधवांच्या संघटनांचा होता.

इथवर दुसऱ्यांची झडती झाली. आता आपली.

डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि नागसेनवनात निग्रो साहित्याची चर्चा सुरू झाली. पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर विस्ताराने लिहिले. दोघांचे ऋण मोठे आहे. यावरून प्रस्थापित समीक्षेने मात्र निष्कर्ष काढला की दलित साहित्य हे निग्रो साहित्याचे अनुकरण आहे. ही समजूत सनावळीच खोडून काढते. मुंबईचे पहिले दलित साहित्य संमेलन १९५८ चे, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा. या लेखकांना विद्रोह शिकायला रिचर्ड राइटच्या गावी जावे लागले नव्हते. नाव घेतले म्हणून नक्कल होत नाही.

परंतु जे नाव आपण घेतले, त्याचे आपण काय वाचले? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या पँथरचे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र म्हणजे काळी टोपी, काळे जाकीट आणि हातात बंदूक. ते चित्र खोटे नाही, अपुरे आहे. मुळात काळा चित्ता हे निवडणूक चिन्ह होते! अलाबामा राज्यातील लाउंड्स परगण्यात शंभरात ऐंशी लोक कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या आरंभी मतदार यादीत त्यांचे नाव जवळजवळ नव्हतेच. तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागे. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह कोंबडा होते, म्हणून यांनी चित्ता घेतला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत चिन्ह घरोघर समजावून सांगणारा आपला कार्यकर्ता यात स्वतःला चटकन ओळखेल. तेच चिन्ह १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी उचलले. त्यांचा दहा कलमी कार्यक्रम घर, काम, शिक्षण, न्याय यांविषयी होता. १९६९ पासून त्यांनी शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. शिकागोचा एकवीस वर्षांचा पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन याला त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला पहाटे पोलिसांनी घरात गोळ्या घातल्या. गरीब गोरे, पोर्टोरिकन आणि काळे यांची एकजूट तो बांधत होता.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत बोचणारी आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पँथरांनी वस्त्यावस्त्यांतून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी सुरू केली, कारण तो आजार कृष्णवर्णीयांत अधिक होता आणि सरकारचे तिकडे लक्ष नव्हते. हाच आजार विदर्भात आदिवासी आणि पूर्वास्पृश्य समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तो पन्नाशीच्या दशकातच नोंदवला होता. आपल्या पँथरने ओकलंडहून नाव आणले, आवेश आणला, कविताही तोलामोलाची लिहिली. रक्ततपासणीची सुई मात्र आणली नाही. त्या काळात गावोगाव जळणाऱ्या वस्त्यांकडे धावणाऱ्या तरुणांना हा दोष देणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. पण त्यांच्यावर लिहिणाऱ्या आम्हा समीक्षकांनी तरी ही पाने उघडायची होती. आम्ही प्रतिमा आणि प्रक्षोभ यांवर लिहीत बसलो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, हार्लेमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे. त्यात अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम आहेत. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. प्रती मागवल्या, भावाभावांच्या मिठीचे पत्र लिहिले नाही. गुलाम आणि अस्पृश्य एकच, असेही त्यांनी कधी म्हटले नाही. उलट गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी फरक काटेकोर मांडला : गुलाम ही मालकाची मालमत्ता होती म्हणून तिची निगा राखण्यात मालकाचा स्वार्थ होता, अस्पृश्याच्या जगण्या-मरण्यात कुणाचेच नुकसान नव्हते. ‘काळे म्हणजे तिकडचे दलित’ हे आपल्या सभांमधले आवडते वाक्य या कसोटीवर टिकत नाही.

शेवटी मार्टिन ल्यूथर किंग. आपल्याकडे त्यांचे चित्र गांधींच्या शेजारी लावतात आणि स्वप्नाच्या भाषणावर थांबतात. २८ ऑगस्ट १९६३ च्या त्या मोर्चाच्या नावात नोकऱ्या हा शब्द स्वातंत्र्याच्या आधी होता, हे विसरले जाते. किंग १९५९ साली भारतात आले होते. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्या भेटीतला प्रसंग सांगितला आहे : अस्पृश्यांना प्रवेशात अग्रक्रम देणे हा भेदभाव नव्हे काय, असे त्यांच्या सहकाऱ्याने नेहरूंना विचारले, आणि नेहरूंनी ते शतकांच्या अन्यायाचे प्रायश्चित्त असल्याचे उत्तर दिले. हा दाखला देऊन किंग अमेरिकेला सांगतात की, भारताने केले ते आपणही करावे. म्हणजे आपल्याकडचा सवर्ण ज्या अमेरिकेचे उदाहरण राखीव जागांविरुद्ध देतो, त्या अमेरिकेचा सर्वांत मोठा नेता भारताचे उदाहरण राखीव जागांच्या बाजूने देत होता! त्या प्रसंगात बाबासाहेबांचे नाव येत नाही. किंगना भारत दाखवला तो नेहरूंनी आणि गांधीवाद्यांनी. घटनेतल्या हक्काचे प्रायश्चित्त करून टाकलेले त्यांनी ऐकले आणि तसेच लिहिले. तोही एक भ्रम, तिकडून इकडे पाहतानाचा.

आणि किंगचा मृत्यू? १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीत शिरलेले दोन सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. तेराशे सफाई कामगारांनी संप पुकारला. छातीवर पाट्या लावून ते रोज रस्त्यावर चालत. पाटीवर एवढेच लिहिलेले असे की, मी माणूस आहे. किंग या संपाला बळ देण्यासाठी मेम्फिसला गेले होते, आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घालण्यात आली. बारा दिवसांनी नगरपालिकेने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली आणि पगारवाढ कबूल केली.